लक्सरच्या मंदिरातील टिटवी : इतिहास-वाचनाचा एक पाठ

माझे वडील शाळेत फारसे गेले नव्हते. परंतु इतिहासाचा पहिला पाठ मला त्यांच्याकडूनच मिळाला. आमच्या गावातील देवळाच्या पायरीखाली एक सपाट दगड होता. त्या दगडापर्यंत आमच्या आजोबांना जाता येई, पुढे नाही. मी पुढे एम.ए.ला इतिहास विषय घेतला तेव्हा वडील म्हणाले होते, "कुठलीही मोठी इमारत बघायला गेलास, तर ती किती उंच आहे हे सगळेच बघतात. तू हे बघ, की आपल्यासारखा माणूस तिथं कुठवर जाऊ शकत होता."

'कुठवर?' हा एकच शब्द घेऊन मी आजवर किल्ले, लेणी, वाडे आणि देवळे पाहात आलो. सेवेची तीस वर्षे पूर्ण झाल्यावर, साठविलेल्या पैशांतून, गेल्या हिवाळ्यात इजिप्तला जाण्याचा योग आला. तेथील लक्सरच्या मंदिरात घालविलेल्या एका संध्याकाळी याच प्रश्नाने मला जे शिकविले, ते आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे मांडीत आहे. हे प्रवासवर्णन नाही. वर्गात जसा पाठ घेतो तसाच हा एक पाठ आहे, आणि शेवटी नेहमीप्रमाणे स्वाध्यायही आहे.

दिवेलागणीचे मंदिर

नाईल नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. तिच्या पूर्व तीरावर लक्सर हे गाव आहे. प्राचीन काळी येथे थीब्ज ही इजिप्तची महानगरी होती. गावाच्या मधोमध, नदीला समांतर असे हे मंदिर उभे आहे. त्याची लांबी सुमारे २६० मीटर आहे. आतला मुख्य भाग आमेनहोतेप तिसरा या राजाने इ.स.पू. चौदाव्या शतकात उभारला. बाहेरचे पटांगण व महाद्वार सुमारे शंभर वर्षांनी रामसेस दुसरा याने जोडले. येथून सुमारे पावणेतीन किलोमीटरवर कर्नाकचे विशाल मंदिर-संकुल आहे. या दोहोंना जोडणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मानवी मस्तक आणि सिंहाचे शरीर असलेल्या मूर्तींच्या रांगा आहेत. शतकानुशतके मातीखाली गेलेला हा रस्ता मोकळा करून नोव्हेंबर २०२१ मध्ये समारंभपूर्वक पुन्हा खुला करण्यात आला.

लक्सरचे मंदिर रात्रीही काही तास पाहता येते. आम्ही पोहोचलो तेव्हा सूर्य नाईलपलीकडच्या डोंगरामागे उतरत होता. दगडांचा मधासारखा रंग हळूहळू करडा झाला आणि मग जमिनीलगत बसविलेले दिवे लागले. येथे एक गोष्ट ध्यानात आली. भर दुपारी ज्या भिंती कोऱ्या वाटतात, त्यांवरील कोरीवकाम दिव्यांच्या तिरक्या उजेडात एकदम उठून दिसू लागते. उजेड खालून व बाजूने आला की छिन्नीच्या प्रत्येक रेषेला सावली मिळते. इतिहासाच्या साधनांचेही असेच आहे. साधन तेच असते. प्रश्नाचा उजेड कोणत्या बाजूने टाकतो, यावर काय दिसेल ते ठरते.

महाद्वारावरील विजय

महाद्वारापुढे रामसेसचे प्रचंड पुतळे आहेत आणि एक ओबेलिस्क आहे. ओबेलिस्क म्हणजे एकाच अखंड दगडातून घडविलेला, वर निमुळता होत गेलेला चौकोनी स्तंभ. हा सुमारे २५ मीटर उंच आहे. मुळात येथे अशी जोडी होती. दुसरा स्तंभ इजिप्तचा तत्कालीन शासक मुहम्मद अली याने फ्रान्सला भेट दिला. तो १८३६ पासून पॅरिसच्या एका चौकात उभा आहे.

महाद्वाराच्या भिंतीवर कादेशच्या लढाईची चित्रे कोरलेली आहेत. ही लढाई इ.स.पू. १२७४ च्या सुमारास आजच्या सीरियात, इजिप्शियन आणि हित्ती या दोन सत्तांमध्ये झाली. भिंतीवरचा रामसेस एकटा रथावर उभा राहून शत्रूची दाणादाण उडवितो आहे. भिंतीवर विश्वास ठेवला तर हा विजय निर्विवाद आहे. परंतु आजच्या तुर्कस्तानात हित्तींच्या राजधानीच्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या, आणि त्या पाट्या विजय हित्तींचा झाला असे सांगतात. लढाई अनिर्णित राहिली, असे आज इतिहासकार मानतात. पुढे पंधराएक वर्षांनी दोन्ही राज्यांनी तह केला आणि त्या तहाच्या प्रती दोन्ही देशांत मिळाल्या आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, येथे पहिला धडा घ्यावा. जे दगडावर कोरले ते सत्यच असते, असे नाही. दगडावर कोरण्याची ऐपत ज्याची, त्याचे म्हणणे दगडावर येते. दुसऱ्या बाजूची पाटी शोधण्याचे काम आपले आहे.

टिटवीची जागा

महाद्वारातून आत गेले की रामसेसचे स्तंभांनी वेढलेले पटांगण लागते. येथे मी आमच्या इजिप्शियन मार्गदर्शकाला वडिलांचा प्रश्न विचारला. "राजा आणि पुरोहित सोडून इतर माणसे कुठवर येत?" तो क्षणभर थांबला. मग त्याने मला एका स्तंभाजवळ नेले आणि खालच्या अंगाकडे बोट दाखविले.

तेथे एक पक्षी कोरलेला होता. डोक्यावर तुरा, बारीक पाय. पक्षी टिटवीच्या कुळातला आहे. आपल्याकडे माळावर, शेताच्या बांधावर, रात्री-अपरात्री टिटिव करीत ओरडणाऱ्या टिटवीचा तो भाऊबंदच म्हणा. पण या टिटवीला पुढच्या बाजूने माणसाचे दोन हात फुटले होते आणि ते वंदनासाठी वर उचललेले होते. तिच्याजवळ एक चांदणी आणि पायाखाली एक टोपली होती.

प्राचीन इजिप्शियन चित्रलिपीत या पक्ष्याला 'रेखित' म्हणत आणि त्याचा अर्थ सामान्य प्रजा असा होता. चांदणीचे चिन्ह 'वंदन करणे' हा अर्थ देते. टोपली म्हणजे 'सर्व'. तिन्ही मिळून वाक्य होते ते असे की, सर्व प्रजा वंदन करीत आहे. 'रेखित' ऐकताना आपल्याला 'रयत' आठवते. परंतु हे केवळ ध्वनिसाम्य आहे. आपला 'रयत' हा शब्द अरबीतून आलेला आहे. शब्दांची अशी नाती कान जुळवितो, शास्त्र जुळवीत नाही, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

या टिटवीकडे निरखून पाहिले तर तिचे पंख एकमेकांत अडकविलेले दिसतात. पाळलेल्या पक्ष्याने उडून जाऊ नये म्हणून पंख असे पिळून अडकवीत. म्हणजे प्रजेचे चिन्ह कोणते, तर उडू न शकणारा पक्षी! याहून जुना पुरावा आहे तो इ.स.पू. ३१०० च्या आसपासच्या 'विंचू राजा'च्या दगडी गदेवर. तेथे या टिटव्या राजाच्या ध्वजदंडांना गळफास लावून टांगलेल्या आहेत. जिंकलेल्या, अंकित लोकांचे ते चिन्ह होते. पुढे शतकांच्या ओघात तेच चिन्ह साध्या प्रजाजनांचे झाले. फास गेला, पण पंख अडकलेलेच राहिले.

उत्सवाच्या वेळी सामान्य लोकांना या बाहेरच्या पटांगणापर्यंत प्रवेश मिळत असावा आणि टिटवीची चिन्हे ही त्यांच्या जागेची खूण असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. इतर काहींच्या मते ती केवळ प्रजेच्या भक्तीची सजावट आहे. मत कोणतेही स्वीकारले तरी एक गोष्ट स्पष्ट राहते. आतल्या दालनांत टिटवीला जागा नव्हती.

त्या स्तंभापाशी मला आमच्या देवळाच्या पायरीखालचा तो सपाट दगड आठवला.

आतील अंधार

पटांगणापुढे चौदा उंच स्तंभांची दुहेरी रांग आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ओपेत उत्सवाची चित्रे आहेत. ती मुख्यतः तुतानखामुनच्या काळात कोरली गेली. दरवर्षी नाईलच्या पुराच्या दिवसांत आमुन, त्याची पत्नी मुत आणि पुत्र खोन्सु यांच्या मूर्ती नौकांमधून कर्नाकहून येथे आणीत. हत्शेपसुत राणीच्या काळात हा उत्सव अकरा दिवसांचा होता. रामसेस तिसरा याच्या काळापर्यंत तो तीन आठवड्यांहूनही लांबला.

दिव्यांच्या तिरक्या उजेडात या भिंतीवर जी गर्दी दिसते, ती पाहण्यासारखी आहे. काठावरून दोराने नौका ओढणारे लोक, ढोल वाजविणारे, कसरती करणाऱ्या स्त्रिया, बैल कापणारे खाटीक, नैवेद्याच्या टोपल्या वाहणारे सेवक हे सर्व तेथे आहेत. त्यांचे ताणलेले हात, वाकलेल्या पाठी कारागिराने मोठ्या ममतेने कोरल्या आहेत. राजाचे नाव मात्र लंबवर्तुळाकार चौकटीत पुन्हा पुन्हा येते. गंमत अशी की तुतानखामुनचे नावही येथे टिकले नाही. होरेमहेब या नंतरच्या राजाने ते खोडून आपले नाव घातले. राजे एकमेकांची नावे पुसतात. दोर ओढणाऱ्याचे नाव पुसण्याची वेळच येत नाही, कारण ते लिहिलेलेच नसते.

स्तंभांच्या रांगेनंतर आमेनहोतेपचे मोकळे पटांगण, मग बत्तीस स्तंभांचे छत असलेले दालन, आणि मग एकामागून एक लहान होत जाणाऱ्या खोल्या. इजिप्शियन मंदिराची रचनाच अशी असते. जसजसे आत जावे तसतशी जमीन किंचित वर चढते, छत खाली येते, उजेड कमी होतो आणि प्रवेशाचा अधिकार असलेल्या माणसांची संख्याही कमी होते. सर्वांत आत मूर्तीचे देवघर. तत्त्वतः तेथे केवळ राजाच पूजा करू शके. प्रत्यक्षात त्याच्या वतीने नेमलेला पुरोहित शुद्ध होऊन जाई, दाराची मातीची मोहोर फोडी आणि काम आटोपून निघताना स्वतःच्या पावलांच्या खुणाही झाडून काढी.

या आतल्या भागात एक खोली आहे तिला 'जन्मदालन' म्हणतात. तिच्या भिंतीवर आमेनहोतेप तिसरा याच्या जन्माची कथा कोरली आहे. आमुन देवाने राजा थुतमोस चौथा याचे रूप घेतले आणि राणी मुतेमविया हिला गर्भ राहिला. मग ख्नुम देवाने कुंभाराच्या चाकावर बाळाची आकृती घडविली. तात्पर्य काय, तर राज्य करण्याचा अधिकार राजाला त्याच्या कर्तृत्वाने नव्हे, जन्माने आणि देवाच्या इच्छेने मिळालेला आहे.

ही भिंत पाहताना बाबासाहेबांचा 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा १९४६ चा ग्रंथ आठवला. त्यात बाबासाहेबांनी पुरुषसूक्ताची कठोर चिकित्सा केली आहे. समाजातील उच्चनीच क्रमाला जन्माच्या दैवी कथेचा आधार देणे, ही त्या सूक्तातील मेख त्यांनी दाखविली. दोन देश वेगळे, काळ वेगळा, कथा वेगळ्या. त्यांची सरमिसळ करू नये. इजिप्तमध्ये आपल्यासारखी जातिव्यवस्था नव्हती आणि अस्पृश्यताही नव्हती. परंतु माणसाने केलेली व्यवस्था देवाने केली असे सांगण्याची युक्ती मात्र दोन्हीकडे ओळखीची आहे.

आज मी त्या देवघरापर्यंत गेलो. तिकीट काढले होते. कोणी जात विचारली नाही, शुद्ध आहेस का असे विचारले नाही. जेथे तीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तचा शेतकरीही येऊ शकत नव्हता, तेथे महाराष्ट्रातील एका शेतमजुराचा मुलगा चपला घालून उभा होता. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला तेव्हा बाबासाहेबांची भूमिका हीच होती, की प्रश्न देवाच्या दर्शनाचा नाही, माणूस म्हणून असलेल्या समान हक्काचा आहे. त्या हक्काची किंमत काय, हे मला त्या रिकाम्या देवघरात नव्याने उमगले.

एका जागेवरचे अनेक थर

परत फिरलो तेव्हा पूर्ण अंधारले होते आणि मंदिराच्या आतूनच अजान ऐकू आली. होय, आतूनच. रामसेसच्या पटांगणाच्या एका कोपऱ्यावर अबू अल-हग्गाग या सूफी संताची मशीद आहे. तिचा जुना भाग तेराव्या शतकातील आहे. तिचे एक जुने दार आज पटांगणाच्या फरशीपासून कितीतरी उंचावर, अधांतरी असल्यासारखे दिसते. दार बांधले तेव्हा जमीनच तेवढ्या उंचीवर होती. मंदिर गाळाने व घरांच्या ढिगाऱ्याने भरून गेले होते आणि लोक त्यावर राहात होते.

मंदिराची पूजा थांबल्यावर रोमन सैन्याने येथे छावणी केली आणि एका दालनाच्या कोरीव भिंतींवर गिलावा देऊन आपल्या सम्राटांची चित्रे रंगविली. त्यानंतर येथे ख्रिस्ती चर्च झाले, मग मशीद आली. एकोणिसाव्या शतकात मंदिराच्या अंगणात घरे, गोठे, कबुतरखाने होते. १८८५ च्या सुमारास फ्रेंच पुरातत्त्वज्ञ गास्तों मास्पेरो यांच्या देखरेखीखाली ती घरे हटवून उत्खनन सुरू झाले. मशीद मात्र लोकांनी हलू दिली नाही.

प्राचीन वास्तू मोकळी झाली, ही ज्ञानाची मोठी भर होय. तरीही 'कुठवर?' हा प्रश्न येथेही विचारावाच लागतो. वारसा जपताना त्या वारशावर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या माणसांचे काय होते? राजाचे घर 'वारसा' ठरते आणि कबुतरे पाळणाऱ्याचे घर 'अतिक्रमण' ठरते, तेव्हा ते कोण ठरविते?

पश्चिम तीरावरचा हजेरीपट

मंदिराबाहेर येऊन नदीकाठी उभे राहिले की पलीकडे थीब्जचे डोंगर दिसतात. त्या डोंगरांत राजांची थडगी आहेत आणि ती खोदणाऱ्या व रंगविणाऱ्या कारागिरांचे गावही आहे. देर अल-मदिना हे त्या गावाचे आजचे नाव. दुसऱ्या दिवशी मी ते पाहिले. तटाच्या आत दगड-मातीची सुमारे सत्तर घरे एकाला एक लागून आहेत. घराचे जोते, चुलीची जागा, पाण्याच्या रांजणाचा खळगा हे सर्व अजून ओळखू येते.

या गावात हजारो खापऱ्या आणि चुनखडीचे कपचे सापडले. पपायरस महाग होता. म्हणून लोक फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर, दगडाच्या कपच्यावर लिहीत. त्यांतील एक मोठा कपचा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो आहे चक्क हजेरीपट! रामसेस दुसरा याच्या राज्याच्या चाळिसाव्या वर्षाचा. त्यावर चाळीस कामगारांची नावे आहेत आणि कोण कोणत्या दिवशी का आला नाही याची नोंद आहे. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे आले. कोणाची आई आजारी होती. कोणी घरी सणासाठी मद्य गाळीत होता. कोणी आपल्या नातलगाचे अंत्यसंस्कार करीत होता. तीस वर्षे सकाळच्या पहिल्या तासाला हजेरी घेणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला हे वाचून काय वाटले असेल, ते येथील प्रत्येक माजी विद्यार्थी जाणतो. अनुपस्थितीची कारणे सव्वातीन हजार वर्षांत फारशी बदललेली नाहीत.

याच गावातील आणखी एक नोंद तर जगाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. रामसेस तिसरा याच्या राज्याच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. बाराव्या शतकाच्या मध्यास, कामगारांना धान्याच्या रूपाने मिळणारे वेतन थकले. तेव्हा त्यांनी काम थांबविले, ते नाके ओलांडून बाहेर पडले आणि राजांच्या स्मृतिमंदिरांपाशी जाऊन बसले. आम्ही भुकेने आणि तहानेने येथवर आलो आहोत. कपडे नाहीत, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. हे राजाला कळवा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना बजावले. ही हकीकत आमेननख्त या लेखनिकाने पपायरसवर लिहून ठेवली. तो पपायरस इटलीतील तुरीन येथील संग्रहालयात आहे. लेखी नोंद असलेला जगातील हा सर्वांत जुना संप मानला जातो. कामगारांना त्या वेळी धान्य द्यावे लागले, जरी पुढेही वेतन वारंवार थकत राहिले.

हा संप आज आपल्याला का ठाऊक आहे? ते कामगार शूर होते म्हणून नव्हे. शूर माणसे सर्वत्र असतात. तो ठाऊक आहे, कारण त्या गावात अक्षर होते. लेखनिक, चित्रकार, दगडावर चित्रलिपी कोरणारे यांची ती वस्ती. ते बाकीच्या प्रजेहून सुस्थितीत होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. लक्सरच्या मंदिरासाठी गेबेल अल-सिलसिलाच्या खाणीत वालुकाश्म फोडणाऱ्या, तो नावेत चढविणाऱ्या, ओबेलिस्कसाठी अस्वानचा ग्रॅनाइट कुटणाऱ्या असंख्य हातांजवळ अक्षर नव्हते. म्हणून त्यांची भूक आपल्यापर्यंत पोहोचली नाही. 'शिका' या बाबासाहेबांच्या आदेशाचा एक अर्थ मला त्या गावात कळला. शिकलेला माणूस नोकरी मिळवितो, हे खरेच. पण शिकलेला माणूस आपली आणि आपल्या माणसांची नोंद ठेवू शकतो.

कार्ल्याचा सुतार

लक्सरच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर प्राचीन कोप्तोस हे ठाणे होते. रोमन काळात तेथून उंटांचे तांडे वाळवंट ओलांडून लाल समुद्रावरील बेरेनिके या बंदरात जात आणि तेथून जहाजे भारतात येत. बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय सागवान आणि भारतीय रांजणात साठविलेली सुमारे साडेसात किलो काळी मिरी मिळाली आहे. २०२२ मध्ये तेथील इसिस देवीच्या मंदिराच्या अंगणात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. तिची उंची ७१ सेंटीमीटर आहे, मस्तकामागे किरणांचे वलय आणि बाजूला कमळ आहे. त्याच मंदिरात संस्कृत शिलालेख मिळाला आणि सातवाहनांची नाणीही मिळाली. सातवाहनांचे पैठण, तसेच तेर, कल्याण, चौल ही स्थळे त्या काळच्या ग्रीक प्रवासी-ग्रंथात नोंदलेली आहेत. म्हणजे नाईलचा काठ आणि आपला सह्याद्री यांच्यात खरोखरीचा राबता होता.

त्या राबत्याची या बाजूची खूण म्हणजे कार्ल्याचे चैत्यगृह. तेथील स्तंभांवर 'धेनुकाकट' या गावच्या यवनांनी, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परकीयांनी, दान दिल्याचे ब्राह्मी लेख आहेत. त्याच चैत्यगृहात दोन नावे अशी आहेत की ती मी दरवर्षी सहलीत मुलांकडून मोठ्याने वाचून घेतो. एक सिंहदत्त, हा गांधी म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा. दुसरा सामी, हा सुतार. दाराचे काम आपण केले, असे त्याच्या नावाचा लेख सांगतो.

कार्ल्याच्या कातळावर घण घालणाऱ्या सर्वांचीच नावे तेथे आहेत, असे नाही. तेथेही बहुसंख्य हात अनामच राहिले. पण ज्या परंपरेत विहाराच्या दारावर राजाच्या नावाशिवाय सुताराचे नाव कोरले जाऊ शकत होते, त्या परंपरेचे आपण वारस आहोत. लक्सरच्या भिंतीवर दोर ओढणाऱ्यांचे हात आहेत, नाव नाही. कार्ल्यात सामीचे चित्र नाही, पण नाव आहे. दोन हजार वर्षांनंतर ते आमच्या पोरांच्या तोंडी येते.

दोन दारे

त्या संध्याकाळपासून मी असे मानू लागलो आहे, की सामान्य माणसाला दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार वास्तूचे. पाणवठ्याचे, देवळाचे, शाळेचे, कचेरीचे दार. ते आपल्या आजोबा-पणजोबांनी लाठ्या खाऊन उघडले. दुसरे दार नोंदीचे आहे. ते कोणी अडवून धरीत नाही, म्हणून ते बंद आहे हे आपल्या लक्षातही येत नाही.

याची साक्ष आपल्याच विद्यालयात आहे. मी येथे विद्यार्थी म्हणून आलो तेव्हा मुलांचे वसतिगृह पत्र्याचे होते. पक्क्या इमारतीसाठी पालकांनी सुट्टीच्या दिवशी येऊन पाया खणला, विटा वाहिल्या. बायांनी डोक्यावरून पाणी आणले. आज त्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर कोनशिला आहे. तिच्यावर पाहुण्यांची आणि पदाधिकाऱ्यांची नावे आहेत, आणि ती असावीतच. पण भिंत रचणाऱ्या गवंड्याचे नाव तेथे नाही.

दुसऱ्याला कशाला बोल लावू? आमच्या वेळी स्वयंपाकघरात एक आजी होत्या. रोज पहाटे चारला उठून शंभराहून अधिक मुलांच्या भाकऱ्या थापीत. तापात असलेल्या मुलाला स्वतःच्या पदरच्या पैशांनी दूध आणून पाजीत. मलाही त्यांनी पाजले आहे. आम्ही सर्व त्यांना 'आजी' म्हणत असू. लक्सरच्या त्या स्तंभापाशी, टिटवीसमोर, मला एकाएकी उमगले की त्यांचे नाव मला ठाऊक नाही. मी इतिहासाचा शिक्षक. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आमेननख्तचे नाव मला पाठ, आणि जिच्या हातचे खाऊन मी वाढलो तिचे नाव मी कधी विचारले नाही.

परत आल्यावर जुनी दप्तरे उघडून पाहिली. पगारपत्रकात 'स्वयंपाकी' एवढाच शब्द मिळाला, आणि पुढे अंगठ्याचा ठसा.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना हात जोडून विनंती आहे. ज्यांना त्या आजींचे, त्या गवंड्याचे, श्रमदानाला आलेल्या आपल्या आईवडिलांचे नाव आठवत असेल, त्यांनी ते पूर्ण नाव, गाव आणि त्यांनी केलेले काम लिहून विद्यालयाच्या पत्त्यावर पाठवावे. इयत्ता नववीची मुले त्यांची नोंदवही तयार करणार आहेत. वही भरली की कोनशिलेशेजारी एक साधी फरशी बसवावी आणि तीवर ही नावे कोरावीत, असा प्रस्ताव मी व्यवस्थापनापुढे ठेवला आहे. फरशीच्या खर्चातील पहिला वाटा माझा राहील.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील एखादी जुनी विहीर, शाळा, पूल किंवा समाजमंदिर निवडा. तिच्यावर कोणाची नावे लिहिलेली आहेत? ती बांधणाऱ्या दोन माणसांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

२. आपल्या आजीला किंवा आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी गावात अशी कोणती जागा होती, की जेथे ते एका मर्यादेपुढे जाऊ शकत नव्हते? ती मर्यादा कोणत्या खुणेने दाखविलेली होती?

३. घरातील सर्वांत वडील व्यक्तीचे पूर्ण नाव, जन्मगाव आणि त्यांनी आयुष्यभर केलेले काम आपल्या हस्ताक्षरात एका कागदावर लिहा. तो कागद जपून ठेवा. तुमच्या घराच्या इतिहासाचे ते पहिले साधन आहे.

जयभीम!